घर्षण-जोडाचा घसरण-टॉर्क कसा काढावा

दोन फ्लँज (बोल्टने जोडण्यासाठी भोके पाडलेल्या कडा) केवळ बोल्टच्या दाबाने एकमेकांना धरून असतील, तर कोणत्या टॉर्कला ते सरकतील हे काढण्यासाठी बोल्टची संख्या, प्रत्येक बोल्टमधील ताणबल, घर्षण गुणांक, बोल्ट-वर्तुळाची त्रिज्या मीटरमध्ये आणि घर्षण होणाऱ्या सांध्यांची संख्या यांचा गुणाकार करावा. टेकलेल्या दोन पृष्ठांचा सांधा एकच मोजावा. पृष्ठे दोन आहेत म्हणून उत्तर दुप्पट करू नये.

खरी अडचण ताणबलाची आहे. ते सहसा थेट मोजले जात नाही, म्हणून आवळण्याच्या टॉर्कला बोल्टच्या व्यासाने आणि आवळण-गुणांकाने भागून काढतात. कोरड्या आट्यांसाठी हा गुणांक साधारण ०.२ असतो. हा घर्षण गुणांक नव्हे, आणि दोन्ही ठिकाणी एकच आकडा घालणे ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे.

समजा, एम १२ मापाचे (व्यास ०.०१२ मीटर), ८.८ प्रतीचे ८ बोल्ट ८४ न्यूटन-मीटरने आवळले आणि बोल्ट-वर्तुळाची त्रिज्या ८० मिलीमीटर आहे. ताणबल ३५,००० न्यूटन येते. घर्षण गुणांक ०.१५ धरला, तर घसरण-टॉर्क ३,३६० न्यूटन-मीटर निघतो. अशाच आकड्यावर विसंबून मी एक जोड बसवला होता. तो हिशेबाच्या जेमतेम निम्म्या टॉर्कलाच सरकला आणि उघडल्यावर बोल्टच्या भोकांलगत घासून चकाकणाऱ्या कमानी दिसल्या. टॉर्क रेंच बिनचूक असूनही ताणबलात ३० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, पृष्ठांवरचे बारीक उंचवटे चेपल्यावर ते आणखी सैलावते, आणि तेलाचा पुसट थर राहिला तरी घर्षण गुणांक ०.१ पर्यंत उतरतो. म्हणून ताणबल आधी ०.७ ने, मग ०.९ ने गुणून २२,०५० न्यूटन धरावे, ०.१ या गुणांकाने उत्तर सुमारे १,४१० न्यूटन-मीटर येते. जोडावर भरवसा ठेवायचा असेल, तर हाच आकडा वापरावा.

घट्ट बसावे म्हणून आट्यांना तेल लावून तोच टॉर्क देण्याचा सल्ला मुळीच ऐकू नये. तेलामुळे आवळण-गुणांक ०.१५ झाला की त्याच ८४ न्यूटन-मीटरने ताणबल ४६,७०० न्यूटनच्या आसपास जाते, आणि या बोल्टचा प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न ताणता तो सोसू शकेल असा भार, ४८,९०० न्यूटन आहे. तेल लावायचेच असेल, तर टॉर्क नव्याने काढावा आणि फ्लँजची पृष्ठे मात्र कोरडी ठेवावीत.

जोड जास्त भाराला मुद्दाम सरकावा अशी योजना असेल, तर उलट दिशेने, सर्वाधिक ताणबल आणि सर्वाधिक घर्षण गुणांक घेऊन दुसरा हिशेब करावा. शेवटी दोन्ही फ्लँजवरून एक सरळ रेघ ओढावी, पूर्ण भार द्यावा आणि रेघ सांध्यापाशी तुटली आहे का ते पाहावे.