झाकण लावले, तरी लॅपटॉप जागाच

मागच्या मे महिन्यात पीककर्जाच्या कागदपत्रांचे काम आटोपून मी तालुक्याहून गावी निघालो, तेव्हा लॅपटॉपचे झाकण लावून तो पिशवीत टाकला होता. दीड तासाने घरी येऊन पिशवीला हात लावला, तर ती चुलीमागच्या भिंतीसारखी तापलेली, आत पंखा घरघरत होता आणि सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी तळाला गेली होती. झाकण लावले म्हणजे लॅपटॉप झोपला, हा माझा समज त्या दिवशी गेला.

अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येणारा प्रत्येक जण ‘झोपतच नाही जी’ एवढेच सांगतो. वास्तविक तो मुळीच झोपत नसेल, झोपून मध्येच उठत असेल, झोपेत बॅटरी खात असेल किंवा झोपल्यावर उठतच नसेल. आणि या प्रत्येकाचे कारण वेगळे असते. ते न शोधता विंडोज नव्याने टाकून घेतले, तर पैसे जातात आणि पुष्कळदा दोष जागच्या जागी राहतो. म्हणून आधी यंत्रालाच विचारावे. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून तो ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा. तेथे इंग्रजी अक्षरांत ‘पॉवर’ या शब्दाला लागूनच सी, एफ, जी ही अक्षरे टाइप करावीत, मग एक जागा सोडून प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरपी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘ए’ हे अक्षर द्यावे आणि एंटर दाबावे.

या आज्ञेने आपल्या लॅपटॉपला झोपेचे कोणते प्रकार येतात आणि कोणते येत नाहीत, अशा दोन याद्या मिळतात. येणाऱ्या प्रकारांच्या यादीत ‘एस ३’ असेल, तर तो जुन्या पद्धतीने झोपतो, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या रॅमला थोडी वीज मिळत राहते आणि बाकी जवळपास सगळे बंद होते. ‘एस ० लो पॉवर आयडल’ असेल, तर ती मोबाइलसारखी झोप आहे. पडदा काळा होतो, पण यंत्र अधूनमधून इंटरनेटशी बोलते, अपडेट उतरवते, आणि एखादा प्रोग्राम अडून बसला तर पिशवीतसुद्धा तापत राहते. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा दुसराच प्रकार असतो व तो बदलण्याची सोयही सहसा नसते. माझा लॅपटॉप त्यातलाच निघाला.

आपल्या भागासाठी यावर माझे मत स्पष्ट आहे: लॅपटॉप पिशवीत जाणार असेल किंवा लाईन केव्हा येईल याचा भरवसा नसेल, तर स्लीपवर विसंबू नये, हायबरनेट वापरावे. त्यात उघडलेले सारे काम डिस्कवर लिहून यंत्र बंद होते, त्यामुळे बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही आणि पिशवी तापत नाही. सुरू व्हायला थोडा वेळ अधिक लागतो, एवढेच. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर काय व्हावे ते ठरवण्याची जागा आहे. तेथे बॅटरीवर असताना आणि चार्जर लावलेला असताना, अशा दोन्ही रकान्यांत हायबरनेट निवडावे. तो पर्याय दिसतच नसेल, तर वरच्याच आज्ञेत ‘ए’ऐवजी ‘एच’ आणि एक जागा सोडून ‘ऑन’ लिहावे. त्याची फाइल डिस्कवर काही जीबी जागा घेते, म्हणून डिस्क गच्च भरलेली नसावी.

चंद्रपूर, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ३५ अंशांपर्यंतच दिलेली असते. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, तिची क्षमता कायमची घटते. किती घटली ते पाहायचे असेल, तर त्याच आज्ञेत तिरप्या रेघेपुढे ‘बॅटरी’ आणि ‘रिपोर्ट’ हे इंग्रजी शब्द एकत्र लिहावेत. अहवाल कोठे साठवला ते पडद्यावर दिसते. त्यात कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी दिलेली असते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही, बॅटरीच बदलावी.

लॅपटॉप झोपायलाच तयार नसेल, तर तिरप्या रेघेपुढे ‘रिक्वेस्ट्स’ लिहावे, म्हणजे त्याला जागे ठेवणाऱ्याचे नाव समोर येते. ब्राउझरच्या मागच्या टॅबमध्ये चालू राहिलेला व्हिडिओ हे नेहमीचे कारण. जुन्या पद्धतीच्या झोपेतून यंत्र आपोआप उठत असेल, तर ‘लास्ट’ आणि ‘वेक’ एकत्र लिहून त्याला कोणी उठवले ते विचारावे. उत्तर माउस असे आले, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या माउसच्या पॉवर मॅनेजमेंट पानावरची उठवण्याची परवानगी काढावी. मोबाइलसारख्या झोपेत मात्र चार्जरला वीज मिळाली तरी पडदा उजळू शकतो, तेव्हा रात्री लाईन आल्यावर खोलीत उजेड पडला, तर तो बिघाड समजू नये.

उठवूनही पडदा काळाच राहिला, तर घाईने पॉवरचे बटण दाबून धरू नये, नाहीतर न साठवलेले काम जाते. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ ही चार बटणे एकत्र दाबावीत. त्याने पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. असे वारंवार होत असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्यावा आणि त्यानंतर शटडाउन न करता रीस्टार्ट करावे, कारण २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउनमध्ये यंत्रणेचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत येतो. बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट करायची वेळ आली, तर बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असावा, आणि लाईन जाण्याची ठरलेली वेळ टाळावी. अर्ध्यात वीज तुटली, तर लॅपटॉप सुरूच न होण्याची पाळी येऊ शकते.

बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते व ती बॅटरीच्या आयुष्याला चांगली आहे. मात्र रोज चार-चार तास लाईन जाते, त्या दिवसांत मी ती बंद ठेवतो आणि दिवाळीनंतर पुन्हा लावतो. चार्जर कूलरच्या बोर्डावर लावत नाही. पुष्कळ चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे व्होल्टेज थोडे कमी-जास्त झाल्याने अडत नाही. पण जुन्या बोर्डाचे सॉकेट ढिले झालेले असते, चार्जिंग क्षणाक्षणाला तुटते-जुळते, आणि बिचाऱ्या लॅपटॉपला कधी बॅटरीवरची, कधी चार्जरवरची सेटिंग लागू होत राहते.