क्यूबचे आकडे हातात आलेत, आता टी-टेस्ट लावायची का कोरिलेशन काढायचं?

एमटेकचं प्रोजेक्टवाले असोत नाहीतर साइटवर क्वालिटी बघणारे, प्रश्न कायम एकच असतो, "डेटा आहे, आता कुठली टेस्ट लावू?" खरं तर हा प्रश्न तिसरा-चौथा यायला पाहिजे. आधी हे बघा की तुमचा एकेक आकडा नेमका कशाचा आहे आणि त्याच्याकडून तुम्हाला काय काढून घ्यायचंय, एवढं झालं की टेस्ट आपोआप ठरते, एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. इथे काँक्रीटच्या क्यूबचं (ताकद बघायला मशीनमध्ये दाबून फोडतात तो ठोकळा) उदाहरण धरून सांगतो कारण तो डेटा सगळ्यांकडे असतो, शेवटी माती आणि पावसाचं थोडं बोलू.

सगळ्यात आधी मोजायला शिका. आयएस ४५६:२००० (काँक्रीटचा भारतीय कोड) नुसार एक सॅम्पल म्हणजे तीन क्यूबची सरासरी, आणि त्या तिघांतला एकही सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वरखाली गेला की ते सॅम्पलच बाद. ६० घनमीटरचा स्लॅब टाकला तर ५ सॅम्पल निघतात, २८ दिवसांनी फोडायचे १५ क्यूब. आता एक्सेलमध्ये एन (स्वतंत्र नोंदींची संख्या) किती? १५ नाही, ५. हे लोकांना पटतच नाही, "पण सर १५ क्यूब फोडलेत ना!" फोडलेत, पण एकाच गाडीतून भरलेले तीन क्यूब म्हणजे एकाच पातेल्यातली तीन शितं, त्यातून भाताबद्दल एकदाच कळतं, तीनदा नाही. तीन क्यूबमधला फरक तुम्हाला क्यूब भरण्यातली, क्युरिंगमधली आणि मशीनवर दाबण्यातली गडबड दाखवतो, काँक्रीट गाडीगणिक किती बदलतंय ते गाड्यांमधल्या फरकातून कळतं. म्हणून शीट बनवताना एका ओळीत एक सॅम्पल, बाजूच्या कॉलममध्ये तारीख, गाडी, ग्रेड, सिमेंटचा प्रकार, स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा), ७ दिवसांची ताकद, २८ दिवसांची ताकद. ग्रेड आणि सिमेंटचा कॉलम वगळू नका, पुढे त्यावरूनच रामायण होणार आहे.

दुसरं, टेस्ट लावायच्या आधी आकडे नुसते डोळ्यांनी बघा. तारखेप्रमाणे ग्राफ काढा, हिस्टोग्राम काढा. रजिस्टरमध्ये महिनोन्महिने २८.१, २८.३, २८.२, २८.४ असंच चाललं असेल तर खूश होऊ नका. आयएस ४५६ मध्ये एम २० आणि एम २५ ग्रेडसाठी (एम पुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांची ठरलेली ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये) गृहीत धरायचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ४ आहे, एम ३० ते एम ५० साठी ५, आणि एसीआय या अमेरिकन काँक्रीट संस्थेच्या हिशोबात नेहमीच्या काँक्रीटला साधारण २.८ च्या खाली आलं तरी कंट्रोल उत्तम समजतात. मग साध्या साइटवर ०.१३ कुठून येणार? तो डेटा मशीनवर नाही, टेबलावर बसून तयार झालेला असतो, आणि अशा डेटावर कुठलीही टेस्ट लावून काही उपयोग नाही.

आता उदाहरण. आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत, एम २५, प्लँट अ, दहा सॅम्पल, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये.

७ दिवस: १९.२, २०.५, २१.१, १८.६, २२.४, २०.०, २१.८, १९.५, २३.०, २०.९
२८ दिवस (त्याच क्रमाने): २९.१, ३१.०, ३०.२, २८.०, ३३.५, ३०.६, ३१.९, २८.४, ३३.०, ३२.३

२८ दिवसांची सरासरी ३०.८, स्टँडर्ड डेव्हिएशन १.९० (एवढं कमी खऱ्या साइटवर क्वचितच मिळेल, आणि कोडला स्वतःचं डेव्हिएशन ठरवायला किमान ३० सॅम्पल लागतात, दहा नाही, हे ध्यानात ठेवून पुढे वाचा). एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही.एस वापरा, .पी नको, .पी पूर्ण लोकसंख्येसाठी असतं आणि थोडं कमी उत्तर देतं.

प्लँट ब, तोच ग्रेड, २८ दिवस: २८.२, ३१.६, २७.४, ३०.१, २९.०, ३२.४, २८.८, २६.९, ३०.५, २९.१. सरासरी २९.४, डेव्हिएशन १.७६.

मॅनेजर म्हणणार अ चांगला, १.४ ने पुढे आहे. खरंच पुढे आहे का नशिबाने? इथे दोन स्वतंत्र गटांची टी-टेस्ट. एक्सेलमध्ये टी.टेस्ट लिहा, पहिली रेंज, दुसरी रेंज, मग २ (दोन्ही बाजू), मग ३. हा शेवटचा ३ म्हणजे दोन्ही गटांचं डेव्हिएशन सारखं आहे असं गृहीत धरू नका, यालाच वेल्चची टेस्ट म्हणतात, आणि माझं मत विचाराल तर नेहमी हीच वापरा, आधी एफ-टेस्ट (डेव्हिएशन सारखी आहेत का ते बघणारी) करून मग ठरवायच्या भानगडीत पडू नका. हाताने करायचं तर फरक १.४, स्टँडर्ड एरर म्हणजे (१.९० चा वर्ग भागिले १०) अधिक (१.७६ चा वर्ग भागिले १०) याचं वर्गमूळ, ०.८२ येतं, टी म्हणजे १.४ भागिले ०.८२, साधारण १.७१. पाच टक्क्यांच्या पातळीवर फरक खरा मानायला टी लागतो साधारण २.१०. पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या नशिबाने दिसण्याची शक्यता) ०.१० च्या आसपास. म्हणजे एवढ्या डेटावरून अ पुढे आहे असं छातीठोक सांगता येत नाही.

पण "फरक नाही" असंही लिहू नका, हे फार ठिकाणी चुकतं. फरकाची ९५ टक्के रेंज काढा, १.४ वजा-अधिक १.७२, म्हणजे उणे ०.३ पासून ३.१ पर्यंत. खरा फरक शून्य असू शकतो तसा ३ सुद्धा असू शकतो, दहा-दहा सॅम्पलमध्ये एवढंच कळलं. हेच डेव्हिएशन आणि हाच १.४ चा फरक ४०-४० सॅम्पलवर आला असता तर टी ३.४ झाला असता. आणि आता वरची शितं आठवा, कुणी दहाच्या जागी ३०-३० क्यूब टाकले तर टी जवळजवळ ३ वर जातो आणि शीट लगेच "सिग्निफिकंट" म्हणून मोकळी होते, नवीन माहिती एका पैशाची नसताना. रिपोर्टमध्ये असं ढिगाने सापडतं.

अजून एक, कोडचा प्रश्न आणि टी-टेस्टचा प्रश्न वेगळा आहे. कोड विचारतो, सलग चार सॅम्पलची सरासरी एफसीके (ग्रेडची ठरलेली ताकद, एम २५ ला २५) अधिक ०.८२५ गुणिले डेव्हिएशन किंवा एफसीके अधिक एक ठरलेला आकडा, यातलं जे मोठं त्याच्या वर आहे का, आणि एकटादुकटा रिझल्ट ठरलेल्या हद्दीखाली गेला का (हद्दीचे आकडे सुधारणांमध्ये बदललेत, लेटेस्ट प्रत बघून घ्या). सरासरीतून १.६५ डेव्हिएशन वजा केलं की अंदाजे पाच टक्क्यांची पातळी मिळते (जिच्या खाली पाच टक्केच रिझल्ट जातात), अ साठी २७.७ आणि ब साठी २६.५, दोन्ही २५ च्या वर. म्हणजे अ पुढे असला काय नसला काय, ब पास आहे. पी व्हॅल्यू दाखवून ब चं काँक्रीट रिजेक्ट करायला निघालात तर कंत्राटदार तुम्हाला हसेल आणि त्याचं बरोबर असेल.

साइट लॅब आणि थर्ड पार्टी लॅब यांची तुलना असेल तर मात्र वरची टेस्ट चालणार नाही, कारण एकाच गाडीचे क्यूब दोन्हीकडे गेलेत, जोड्या आहेत. तिथे प्रत्येक गाडीचा फरक काढायचा आणि फक्त फरकांवर काम करायचं. समजा सहा गाड्यांचे फरक (साइट वजा बाहेरची) १.२, ०.४, १.६, ०.९, उणे ०.३, १.० असे आलेत. सरासरी ०.८, डेव्हिएशन ०.६७, स्टँडर्ड एरर ०.२७, टी २.९४, आणि सहा जोड्यांना लागतो २.५७. म्हणजे साइटचं मशीन किंवा पद्धत खरंच थोडी जास्त दाखवतेय, कॅलिब्रेशन बघा, लोडिंगचा वेग मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी ठेवताय का बघा, घाईने दाबलं की ताकद जास्त दिसते. सहाच गाड्यांत एवढं कळलं कारण गाडीगाडीतला फरक वजाबाकीत उडून गेला. एक्सेलमध्ये शेवटचा आकडा ३ च्या जागी १, बस.

(ही टी-टेस्ट आली कुठून माहितीये? डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यातल्या विल्यम गॉसेटने १९०८ साली "स्टुडंट" नावाने छापली. त्याच्याकडे पण आपल्यासारखेच थोडेसे सॅम्पल असायचे.)

आता कोरिलेशन. प्लँट अ चे ७ आणि २८ दिवस घ्या, कोरेल लावा, आर (दोन आकडे किती सोबत चालतात त्याचं माप, उणे १ ते १) ०.९२ येतो. दहा जोड्यांसाठी पाच टक्क्याला ०.६३२ पुरतो, पाचच जोड्या असत्या तर ०.८७८ लागला असता आणि तीस असत्या तर ०.३६१ वर भागलं असतं, म्हणून नुसता आर सांगू नका, सोबत एन सांगा. रेषा येते: २८ दिवस = ५.४३ + १.२३ गुणिले ७ दिवस. छान, पण साइटवाल्याला आर नको असतो, त्याला हवं असतं की आज ७ दिवसाला २० आलंय, २८ ला काय येईल? उत्तर साधारण २९.९, आणि पुढचा भाग जो बहुतेक लोक खाऊन टाकतात, वजा-अधिक २. एसटीईवायएक्स (बिंदू रेषेभोवती किती पसरलेत ते देणारं एक्सेलचं फंक्शन) लावा, ०.८० येतं, त्याला २.३१ ने (दहा जोड्यांसाठीचा टी) गुणा, थोडं वाढवा कारण रेषा पण दहाच बिंदूंवर उभी आहे, झाले २. म्हणजे २८ ते ३२ मध्ये काहीही. आणि ही रेषा १८.६ ते २३.० या पट्ट्यापुरतीच, ७ दिवसाला १२ आलं तर तिच्यात टाकून बघू नका, त्या गाडीत काहीतरी वेगळंच घडलंय.

ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) आणि पीपीसी (फ्लाय अॅश मिसळलेलं) एका रेषेत कोंबू नका. फ्लाय अॅशवालं सिमेंट सुरुवातीला हळू आणि नंतर भरून काढतं, दोघांच्या रेषा वेगळ्या. ग्रेडचंही तेच, आणि इथे तर मोठी फसवणूक होते. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारा हातोडा) विरुद्ध क्यूबची ताकद असा ग्राफ एम २० ते एम ४० सगळं एकत्र टाकून काढलात तर आर ०.९ च्या पुढे सहज जाईल, कारण एका कोपऱ्यात कमी ताकदीचा घोळका, दुसऱ्या कोपऱ्यात जास्त ताकदीचा, त्यांना जोडणारी रेषा निघणारच. आता फक्त एम ३० चे बिंदू ठेवा आणि परत काढा, बऱ्याचदा ०.३-०.४ वर कोसळतो. तुम्हाला हॅमर वापरायचाय एकाच ग्रेडच्या इमारतीत कमकुवत कॉलम शोधायला, तिथे दुसराच आर कामाचा. कोडसुद्धा हॅमरवरून काढलेल्या ताकदीत वजा-अधिक २५ टक्के फरक धरायला सांगतो, उगाच नाही.

स्कॅटर ग्राफ न बघता आर लिहायचाच नाही. अँस्कोम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट दिले, चारींचा आर ०.८१६, ग्राफ काढले तर एक सरळ, एक वक्र, एकात एक बिंदू भरकटलेला आणि एकात सगळी रेषा एकट्या बिंदूच्या जिवावर. आणि एमटेकवाल्यांनो, सात गुणधर्मांचं कोरिलेशन मॅट्रिक्स म्हणजे २१ जोड्या, पाच टक्क्यांवर त्यातली एखादी नुसती नशिबानेच सिग्निफिकंट येणार. नेमकी तीच उचलून निष्कर्षात लिहिलेली असते.

मातीच्या डेटाचं थोडक्यात. पर्मिएबिलिटीचे (मातीतून पाणी किती वेगाने झिरपतं त्याचे) आकडे दहाच्या पटीत पसरतात, लॉग घेऊन मग कोरिलेशन काढा, नाहीतर स्पिअरमनचं रँक कोरिलेशन (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवर काढलेलं) वापरा. एसपीटीत (जमिनीत नळी ठोकून घाव मोजायची टेस्ट) रिफ्यूजल आलं, म्हणजे नळी पुढे जाईना, की "५० च्या वर" लिहितात, ते सरळ ५० म्हणून सरासरीत टाकू नका, तो आकडा नाही, हद्द आहे, अशा वेळी मीडियन बरा. कॉम्प्रेशन इंडेक्स (माती दाबाखाली किती खचते त्याचं माप) ०.००९ गुणिले (लिक्विड लिमिट, म्हणजे माती वाहायला लागते ती ओल, वजा १०) हे पुस्तकातलं समीकरण म्हणजे पण कुणाच्यातरी मातीवरचं कोरिलेशनच आहे, विदर्भातल्या काळ्या मातीवर वापरायच्या आधी स्वतःच्या चार-पाच कन्सॉलिडेशन टेस्टशी ताडून बघा.

पावसाच्या डेटात आउटलायर दिसला की डिलीट करणारे असतात त्यांच्यासाठी, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३-७४. कुठलाही आउटलायरचा नियम लावा, ९४४ बाहेर फेकला जाईल, आणि नाल्याचं डिझाइन नेमकं तसल्याच आकड्यांसाठी करायचं असतं. रिझल्ट काढायचा असेल तर कारण पाहिजे, क्यूबला हनीकोंब (पोकळ्या) होता, नोंद चुकली, "ग्राफमध्ये बसत नाही" हे कारण नाही.

रिपोर्टमध्ये एवढं लिहिलं तरी पुरे: "प्लँट अ आणि ब, एम २५, ओपीसी, प्रत्येकी १० सॅम्पल (सॅम्पल = ३ क्यूबची सरासरी), २८ दिवसांच्या सरासरीतला फरक १.४, ९५ टक्के रेंज उणे ०.३ ते ३.१, वेल्च टी १.७१, पी ०.१०, एकही रिझल्ट वगळलेला नाही." व्हायवाला यातल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो, आणि कच्ची शीट सोबत असेल तर प्रत्येकाचं उत्तर तुमच्याकडे असतं.