हाय-व्हेलॉसिटी काडतुसं घेऊन नेमबाजीच्या सामन्याला निघण्याआधी

बफर बघा. बाकीचं सगळं मागाहून. पिस्तूल उघडा, बोल्टच्या, म्हणजे दर गोळीला मागे-पुढे सरकणाऱ्या पोलादी ठोकळ्याच्या, मागे बसणारा तो प्लास्टिकचा तुकडा बाहेर काढा आणि उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघा. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर पोचल्यावर बघू असं म्हणू नका. मी तसं म्हटलं आणि वर्षभराच्या सरावाचा सामना तिथंच संपला.

झालं असं की पॉइंट टूटूची (.२२ बोअरची) नेहमीची स्टँडर्ड काडतुसं ऐन सामन्याच्या तोंडावर संपली. मिळाली ती हाय-व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची. स्प्रिंग बदलली, मॅगझिन पुसली, कागदपत्रं तीनदा तपासली. बफरला हात लावला नाही. दहा सेकंदांच्या सिरीजमध्ये तिसऱ्या गोळीला बोल्ट अर्ध्यातच अडकला. नंतर उघडून बघितलं तर बफरचे तीन तुकडे झालेले, त्यातला एक स्प्रिंगच्या वेढ्यात रुतलेला, आणि फ्रेमवर नखाला लागेल एवढा खड्डा. कुणाला इजा झाली नाही.

आता यादी. पहिली गोष्ट, तुमच्या पिस्तुलाला ही काडतुसं चालतात का? कंपनीच्या पुस्तिकेत स्टँडर्डच वापरा असं लिहिलं असेल तर विषय संपला. उसनी मागा, नाहीतर सामना सोडा. सामन्याच्या बऱ्याच पिस्तुलांचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, घट्ट असतं. हाय-व्हेलॉसिटीहूनही वेगवान, हायपर म्हणून मिळणाऱ्या काही काडतुसांची पुंगळी, म्हणजे पितळी नळकांडं, नेहमीपेक्षा लांब असते. ती अशा चेंबरमध्ये घालायचीच नाहीत, एकसुद्धा नाही. खोक्यावरचं लेबल स्वतः वाचा, दुसऱ्यावर सोडू नका. दोन जातींची काडतुसं एकाच डबीत ओतू नका.

चालतात म्हटल्यावरही एवढी काळजी का, ते नीट समजून घ्या. ब्लोबॅक पिस्तुलात गोळी सुटताना मागची बाजू कुलूपबंद नसते. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग, एवढ्याच दोन गोष्टी पुंगळीला जागेवर धरतात, तेही दाब उतरेपर्यंतच. पोलिसांकडच्या जुन्या ९ एमएम कार्बाइनचं तत्त्वही हेच, फक्त तिचा बोल्ट चांगला वजनदार. आपल्या पिस्तुलात तेवढं वजन नाही. स्टँडर्ड गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटरने जाते, हाय-व्हेलॉसिटी ३८०च्या आसपास. गोळीचं वजन तेच, ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. वेग वाढला १५ टक्के, पण धडक वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून बोल्ट मागे आदळतो तो जवळजवळ एक तृतीयांश जास्त जोराने. ती सगळी धडक झेलतो कोण? बफर. सुपारीच्या खांडाएवढा तुकडा.

म्हणून परत सांगतो, बघा तो. बोल्ट जिथं आपटतो तिथं अर्धचंद्रासारखा चकचकीत ठसा उमटतो, तो चालेल. ठशाच्या कडेनं प्लास्टिक पांढुरकं पडलं असेल किंवा भोकापासून केसासारखी रेघ निघाली असेल तर तो फेकून द्या. हाताने किंचित वाकवा, रेघ असेल तर उघडते. तेलात राहून फुगलेला, बोटाला मऊ लागणारा बफरही बाद. आणि नवा एक पिशवीत ठेवा. एक नको, दोन ठेवा.

स्प्रिंगचं थोडक्यात. दमलेली स्प्रिंग बदलून कंपनीने सांगितलेलीच टाका. स्प्रिंग कमजोर असेल तर बोल्ट इतक्या झपाट्याने मागे-पुढे होतो की मॅगझिनमधली पुढची गोळी वर यायच्या आत तो पुढे निघून जातो. उलट, जड स्प्रिंग ठेवून पुन्हा स्टँडर्ड काडतुसांवर आलात तर पुंगळी बाहेर पडत नाही, बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते. काडतूस बदललं की स्प्रिंग बदला, आणि स्प्रिंग काढलीच आहे तर बफर समोरच असतो. तेवढ्यात तो बघून घ्यायला काय लागतं?

चेंबर ब्रशने साफ करा. पॉइंट टूटूच्या शिशाच्या गोळीला मेणासारखं वंगण असतं. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये ते पातळ होतं, धूळ धरतं आणि चेंबरच्या तोंडाशी थर बसतो. मग काडतूस पूर्ण आत बसत नाही. पुंगळीचा जो भाग बाहेर राहतो त्याला पोलादाचा आधार नसतो, आणि पितळ तिथंच फुटतं. गॅस आणि पितळेचे कण खिडकीतून उडतात. डोळ्यांवर चष्मा कशासाठी, हे नव्या पोरांना सांगताना मी हेच सांगतो. कानांना संरक्षण हवंच. या गोळीचा वेग आवाजाहून जास्त, त्यामुळे तडाखा वेगळाच लागतो.

सामन्याच्या आठवडाभर आधी रेंजवर चाचणी घ्या. मॅगझिनमध्ये आधी एक गोळी, मग दोन, मग पाच. पुंगळ्या गोळा करा. बुडाशी फुगलेली, चिरलेली किंवा बाहेरून काजळलेली एकही निघाली तर थांबा. पुंगळ्या पडतात कुठे तेही बघा. नेहमी हातभर अंतरावर पडणाऱ्या पुंगळ्या शेजारच्या लेनमध्ये जायला लागल्या तर बोल्ट फार जोरात पळतोय. बार फुसका वाटला तर पुढची गोळी झाडू नका, पिस्तूल रिकामं करून नळीत गोळी अडकली नाही ना ते तपासा. गोळी उडालीच नाही तर पिस्तूल तसंच टार्गेटच्या दिशेने अर्धा मिनिट धरून ठेवा, मग उघडा. चाचणी झाल्यावर घरी उघडून बफर बघा. हो, परत. पन्नास गोळ्यांत काय झालं ते त्याच्यावर लिहिलेलं असतं.

निघायच्या दिवशी मूळ परवाना, क्लबचं पत्र, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं आहे हे दाखवणारी खूण). पिस्तूल रिकामं, पेटीला कुलूप, काडतुसं वेगळ्या पेटीत. आष्ट्यावरून पेठ नाका आणि पुढे पुणे, चार-पाच तासांचा रस्ता. काडतुसं उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका. पावसाळा असेल तर पेटीत ओल शोषणारी पुडी टाका, कृष्णाकाठची हवा लोखंडाला गंज चढवते.

तिथं पोचल्यावर रेंज ऑफिसरचं ऐका. बिघाड झाला तर पिस्तूल टार्गेटच्या दिशेनेच ठेवून हात वर करा, स्वतः खुडबुड करू नका. संपल्यावर मॅगझिन काढा, फ्लॅग लावा, पुसा.

आणि बफर कधी घातला ती तारीख, त्यावर किती गोळ्या झाल्या आणि त्यातल्या हाय-व्हेलॉसिटी किती, हे डायरीत लिहा. मी आता पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून तिथंच लिहितो. पेटी उघडली की आकडा समोर येतो.