घरच्या गाडीत व्हीलचेअर बसवताय? आमच्या या चुका टाळा

आबांची डावी बाजू अर्धांगवायूने गेली आणि दर पौर्णिमेला जोतिबाला जाणारा माणूस खिडकीशी बसून राहिला. भावाने जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेतली. आत झोपायची सोय, छोटं स्वयंपाकघर, संडास आणि आबांची खुर्ची बसली पाहिजे, एवढं ठरलं होतं. कोल्हापुरात अशा कामाला माणसं शोधावी लागत नाहीत. उद्यमनगरात पत्रा, वेल्डिंग, कुशन, रंग सगळं चार पावलांवर मिळतं. दोन महिन्यांत गाडी तयार झाली. पुढचे सहा महिने आम्ही तीच गाडी मोडून नव्याने करत होतो, कारण मापं सगळी गाडीची घेतली होती, आबांची एकही नाही.

रॅम्प नव्हे, घसरगुंडी

मिस्त्रींनी विचारलं, "ताई, आठ फुटी रॅम्प बास हुतोय की?" मी मान डोलावली. आमच्या गाडीची फरशी जमिनीपासून ६८ सेंटिमीटर वर आहे. व्हीलचेअरच्या उताराचं नेहमीचं प्रमाण १:१२, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. ६८ ला १२ ने गुणा: ८१६ सेंटिमीटर, जवळजवळ २७ फूट. गाडीपेक्षा रॅम्प लांब! आठ फुटांत तीच उंची गाठताना पहिल्याच दिवशी खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली आणि आबांचा सगळा भार मागे ढकलणाऱ्या भावाच्या छातीवर आला. शेजारचे दोघे धावले म्हणून निभावलं.

फरशी एवढी उंच असेल तर रॅम्पचा नाद सोडा. थेट लिफ्टचा, म्हणजे खुर्चीसकट माणूस वर उचलणाऱ्या फळीचा, खर्च धरा.

लिफ्ट अर्ध्यावर अडकते

लिफ्ट मागच्या दाराला की डाव्या दाराला, यावर घरात महिनाभर वाद चालला. मागे लावली की माणूस रस्त्यावर उतरतो आणि गर्दीच्या दिवशी कुणीतरी बंपरला चिकटून गाडी लावतं. डावीकडे लावली तर उतरणं कडेला होतं, पण पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे फळी तिरकी टेकते आणि ब्रेक सुटला की खुर्ची गटाराकडे निघते. आम्ही मागे लावली आणि दारावर "दहा फूट जागा सोडा" असं मोठ्ठं रंगवून घेतलं. लोक वाचतात. सगळे ऐकत नाहीत.

खरी डोकेदुखी वायरची निघाली. रिकामी लिफ्ट झकास वर जायची, आबा बसले की गुडघाभर उंचीवर घरघर करून थांबायची. पंप बदला, तेल बदला असे सल्ले चार ठिकाणी मिळाले. शेवटी एका वायरमनने मीटर लावला. लिफ्ट थांबते त्या क्षणी बॅटरीवर १२ व्होल्ट होते, मोटरच्या टोकाला ८ सुद्धा भरत नव्हते. वजन उचलताना आमची मोटर १०० अँपियरच्या आसपास ओढते आणि तिला जोडली होती ४ चौरस मिलिमीटरची वायर. बॅटरी पुढे, मोटर मागे, जाऊन येऊन दहा मीटर. एवढ्या लांबीत चार व्होल्ट वायरच खाऊन टाकते. ३५ चौरस मिलिमीटरची केबल टाकली, लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) नीट दाबून घेतले, बॅटरीजवळ त्या मापाचा फ्यूज लावला आणि लिफ्ट गप वर जायला लागली. तुमचीही भार आल्यावरच अडत असेल तर पंप खोलण्याआधी दोन्ही टोकांचे व्होल्ट मोजा. फरक मोठा आला तर दोष वायरीत, लगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे.

बॅटरी पार झोपली तर हाताने पंप मारायची सोय बहुतेक हायड्रॉलिक लिफ्टना असते. आमच्याही होती. त्याचा दांडा गादीखाली, गादी गाडीत, गाडीला कुलूप, किल्ली भावाकडे आणि भाऊ चहाला. आबा तोवर हवेत. आता दांडा मागच्या दाराशी बाहेरूनच हाताला येतो आणि गाडीतल्या प्रत्येकाने तो एकदा मारून बघितलाय.

कोणत्या कुशीवर उठायचं

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि फुकटात दुरुस्त झालं.

पलंग डाव्या भिंतीला होता, उशी पुढे ड्रायव्हरच्या दिशेला, कारण वाचायचा दिवा तिथे बसवला होता. आबा तसे झोपले की त्यांचा चांगला उजवा हात भिंतीकडे आणि लुळा डावा हात वाटेकडे. उठायचं म्हणजे वाटेकडे कूस वळायची, कोपर रोवून अंग उचलायचं. रोवणार कोणतं कोपर? डावं तर चालतच नाही. घरी ते स्वतः उठून बसायचे, गाडीत मात्र दोघांनी ओढावं लागायचं. "गाडीत आलो की मी जास्त आजारी होतो," असं ते एकदा म्हणाले. आम्हाला वाटलं प्रवासाचा शीण.

फिजिओथेरपिस्ट बाई बघायला आल्या, पलंगावर नुसती नजर टाकली आणि म्हणाल्या, "उशी त्या टोकाला ठेवा." झालं. डोकं मागच्या दाराकडे आल्याबरोबर उजवी बाजू वाटेकडे आली. आबा उजव्या कुशीवर वळले, पाय खाली सोडले, उजव्या कोपरावर भार दिला आणि बसले. दिवा आता पायाशी आहे, तो बदलायचा राहूनच गेलाय.

याच हिशेबाने खुर्ची नेहमी अशी लावायची की आबा चांगल्या बाजूकडे सरकतील, पलंगावर जातानाही आणि परत येतानाही. म्हणजे दोन्ही वेळा खुर्चीचं तोंड उलटसुलट करावं लागतं. खुर्ची जागच्या जागी फिरवायला साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते, ती गाडीत कुठून आणणार? आबा पलंगावर बसले की आम्ही रिकामी खुर्ची मिटतो, उचलून उलटी करतो आणि परत उघडतो. त्यामुळे मिटणारी खुर्चीच घ्या.

पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी हवी, पण माणूस बसलेला असताना. आमची गादी पाच सेंटिमीटर दबते आणि सुतारकाकांनी माप न दबलेल्या गादीवर घेतलं होतं. जाताना उतार आणि येताना चढ झाला.

खुर्ची आणि माणूस, वेगवेगळे बांधायचे

व्हीलचेअरचा ब्रेक गाडीच्या ब्रेकपुढे टिकत नाही. दोरी किंवा स्कूटरला लावतो तो रबरी पट्टा तर मुळीच वापरू नका. खुर्ची पुढे तोंड करून, चार बिंदूंवर, खास त्यासाठीच्या पट्ट्यांनी बांधायची. या पट्ट्यांचं मानक आयएसओ १०५४२, आणि गाडीत बसून प्रवास करायच्या खुर्चीचं आयएसओ ७१७६-१९. घरात वापरायच्या साध्या खुर्च्या त्यासाठी बनवलेल्या नसतात. माणसाला वेगळा पट्टा लागतो, कमरेवरून आणि खांद्यावरून. पट्टे अडकवायच्या आमच्या कड्या आधी फरशीच्या प्लायवूडमध्ये स्क्रूने बसवल्या होत्या. भावाने एक जोरात ओढली तर भुशासकट हातात आली. कड्या खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत गेल्या पाहिजेत.

पण माझं मत विचाराल तर, माणसाला खुर्चीतून उठून गाडीच्या पक्क्या सीटवर बसता येत असेल तर तिथेच बसवा आणि खुर्ची रिकामी बांधा. चालत्या गाडीत पलंगावर झोपवून न्यायचं मनातही आणू नका.

संडासाचं दार

दार आत उघडत होतं. आत कुणी पडलं तर त्याच्याच अंगाला दार अडणार आणि बाहेरचा माणूस आत जाऊ शकणार नाही, हे काम झाल्यावर लक्षात आलं. दार काढलं, जाड पडदा लावला. आबा थोडे नाराज झाले, कारण आवाज जातो. मग आम्ही तेवढ्या वेळापुरते खाली उतरून उभे राहतो. आधाराचा दांडा चांगल्या हाताच्या बाजूला हवा आणि त्याच्या मागे पत्र्याऐवजी लोखंडी पट्टी हवी. लावून झाला की घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला लोंबकळायला सांगा. आमच्याकडे हे काम मामांनी आनंदाने केलं.

दाराची रुंदी मोजताना खुर्चीच्या चाकांबाहेर येणारी बोटंही धरा. खुर्ची ६४, दार ७० सेंटिमीटर, आणि आबांच्या उजव्या हाताची साल दोनदा निघाली.

कागद आणि काटा

पत्रा कापायच्या आधी आरटीओकडे जा. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि अपंग व्यक्तीसाठी जुळवून घेतलेल्या गाडीची परवानगीसहची तरतूदही त्यातच आहे. मोटर कॅराव्हानसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा. "नंतर बघू की" हे वाक्य आमच्या घरात फार महागात पडलंय, तपशील सांगत नाही.

वजनाचं मात्र सांगते. लिफ्ट मागच्या एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) मागे, शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, तीही मागेच. घाटात स्टिअरिंग हलकं लागतंय, असं भाऊ पन्हाळ्याहून येताना म्हणाला. वजनकाट्यांना आपल्या जिल्ह्यात तोटा नाही. गाडी भरून न्या, आधी पूर्ण आणि मग पुढचा, मागचा एक्सल वेगळा तोला. आम्ही टाकी दोन्ही एक्सलच्या मध्ये आणली आणि गाडी सुधारली.

आणि हो, पहिला मुक्काम लांब नको. आम्ही पहिली रात्र स्वतःच्या अंगणात काढली, दुसरी संध्याकाळ रंकाळ्यावर. तिथे विसरलेल्या वस्तूंची यादीच झाली: लघवीचं भांडं, रात्रीचा छोटा दिवा, आबांची जास्तीची उशी.

तो आठ फुटी रॅम्प फुकट गेला नाही. शेजारचे काका रोज त्यावरून स्कूटर ओट्यावर चढवतात.