पोरांना सैनिकाची गोष्ट कशी सांगायची
गोवा मुक्तिदिनाला, १९ डिसेंबरला, शाळेत पोरांना सैनिकावर बोलायचं असेल तर दुसऱ्या महायुद्धातला सैनिक नामदेव जाधव घ्या. सुरुवात पदकापासून नको, आधी नगर जिल्ह्यातलं निमज गाव, मग मराठा लाइट इन्फंट्री, तिचं सेंटर आपल्या शेजारीच, चोर्ला घाट ओलांडून बेळगावात.
मग थेट ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी, मॅपवर दाखवाच. इथे सावकाश सांगा, कंपनीचा हा रनर, म्हणजे तुकडीत निरोप पोचवणारा, दोन जखमींना एकेक करून गोळीबारात, पाण्यातून आणि सुरुंगांमधून सुखरूप आणतो आणि मग एकटाच मशीनगनच्या तीन चौक्या बंद पाडतो, हाताला गोळी लागली तर टॉमीगन टाकून ग्रेनेड घेतो!! मला तर जखमींना आणणंच सगळ्यात मोठं वाटतं. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला हे शेवटी एका वाक्यात पुरे.