सूर्यघर योजनेचे अनुदान अडकवणाऱ्या चुका: या टाळा

वीजबिल वाढले की घरोघरी प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेची चौकशी सुरू होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत छतावर सौर संच बसवणाऱ्या कुटुंबाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्राकडून मिळतात. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या संचासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. मात्र हे पैसे संच बसून, तपासणी होऊन, नेट मीटर (वाहिनीला दिलेल्या आणि तिथून घेतलेल्या विजेची वजाबाकी करणारे मीटर) लागल्यानंतरच खात्यात जमा होतात, आणि तोवरच्या प्रत्येक टप्प्यावर कागद पाहिला जातो, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नात्यागोत्यातल्या आणि शेजारपाजारच्या लोकांचे अर्ज भरून देताना त्याच त्या चुका पाहून वैताग आला, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे वीजजोडणी दिवंगत व्यक्तीच्या नावावर ठेवून अर्ज करणे. आपल्याकडे आजोबा जाऊन एक पिढी लोटली तरी बिल त्यांच्याच नावाने येत राहते, आणि ते वेळेवर भरले जात असल्याने कोणाचे काही अडतही नाही. माझ्या एका नातेवाईक मामांच्या घरी नेमके हेच होते. बिल त्यांच्या वडिलांच्या नावावर, बँक खाते मामांच्या नावावर आणि अर्जातला मोबाईल क्रमांक पुण्याला असलेल्या मुलाचा. आधी नाव बदलून घ्या, असे मी सांगितले होते. पण संच बसवणाऱ्याने "ते नंतर बघू, काका, आधी काम उरकून घेऊ" म्हटल्यावर त्यांना तेच पटले. संच झकास बसला, मीटरही लागले, आणि अनुदानासाठी बँकेचा तपशील देताना बिलावरचे नाव व पासबुकावरचे नाव जुळेना. मग नाव बदलायची धावपळ सुरू झाली. त्यासाठी सर्व वारसांची ना हरकत हवी होती. दोन भावांनी लगेच सह्या केल्या, पण ज्या धाकट्या भावाशी बांधावरून बोलणे बंद होते, त्याने "घर सामाईक आहे, मग विजेत माझा वाटा किती?" असा प्रश्न टाकला. अनुदान महिन्याभरात येईल या हिशेबाने मामांनी गावातल्या पतसंस्थेतून चढ्या व्याजाने पैसे उचलले होते. भावकीची समजूत निघेपर्यंत हप्ते चालूच राहिले. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी राष्ट्रीयीकृत बँका जनसमर्थ या सरकारी कर्ज-अर्जाच्या पोर्टलमार्फत सुमारे दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज बऱ्याच कमी व्याजाने देतात, याची त्यांनी चौकशीही केली नव्हती.

म्हणून कोणी अर्जासाठी आले की मी आधी संगणक उघडत नाही. वीजबिल, आधार कार्ड, पासबुक आणि घराचा पुरावा, म्हणजे गावात नमुना आठचा उतारा आणि शहरात मालमत्ता कराची पावती, हे सगळे टेबलावर शेजारी शेजारी मांडायला लावतो आणि नावे अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, लग्नानंतरचे आडनाव बिलावर चढलेलेच नाही, अशा बारीकसारीक गोष्टी तिथेच सापडतात. थकबाकी असेल तर तीही आधी भरायला सांगतो. यावर कुरकुर करणारे बरेच भेटतात. त्यांना घाई असते आणि ती बहुधा शेजाऱ्याच्या छतावर पॅनेल चढल्यामुळे आलेली असते.

दुसरी चूक स्वस्ताच्या मोहाची. अनुदान हवे असेल तर पॅनेल आणि त्यातले वीज तयार करणारे सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. बाजारात त्यांना डीसीआर पॅनेल म्हणतात, आणि बाहेरून आलेल्या सेलच्या पॅनेलपेक्षा ती महाग असतात. दरपत्रकात नुसते "३ किलोवॅट, उत्तम प्रतीचे पॅनेल" असे लिहून कमी भाव सांगणारे विक्रेते पुष्कळ आहेत. ते पॅनेल वीज चांगली देईलही, पण अनुदान मिळवून देणार नाही, आणि ७८,००० रुपये गेल्यावर वाचवलेल्या रकमेचे कौतुक उरत नाही. विक्रेता योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, हे तिथेच पाहावे. दरपत्रकावर पॅनेलची कंपनी, मॉडेल आणि डीसीआर हा उल्लेख लिहून घ्यावा. आणि पॅनेल छतावर चढण्यापूर्वी मागच्या पट्टीवरील अनुक्रमांकांचे फोटो काढून ठेवावेत. हे फोटो मी स्वतः उभा राहून काढतो. संच एकदा बसला की पत्र्यावरच्या पॅनेलची मागची बाजू पाहायला कोणी जात नाही. दरपत्रक जुने असेल तर नवे मागावे, कारण सौर उपकरणांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

मे महिन्याचे बिल हातात धरून संचाची क्षमता ठरवू नये. एक किलोवॅटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज मिळते. बिलावर मागील महिन्यांचा वापर दिलेला असतो, त्याची सरासरी काढली की उत्तर सापडते. उगाच मोठा संच घेतल्याने फायदा होत नाही, कारण तीन किलोवॅटच्या पुढे अनुदान वाढत नाही आणि आर्थिक वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटना आपण वीज घेतो त्या मानाने फार कमी दर मिळतो.

छताची पाहणी उन्हाळ्यात केली असेल तर तीवर विसंबू नये. मे महिन्यात सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि पाण्याच्या टाकीची सावली टाकीपाशीच राहते. तीच सावली डिसेंबरात उत्तरेकडे लांबवर पसरते आणि एका पॅनेलवर पडली तरी त्याच ओळीतल्या इतर पॅनेलचे उत्पादन घटू शकते.

दिवे गेले की सौर संचही बंद पडतो, अशी तक्रार घेऊन लोक भांडायला जातात. नेट मीटरवरचा बिनबॅटरीचा संच वाहिनीत वीज नसताना मुद्दामच बंद होतो, कारण तसे झाले नाही तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. तसेच नेट मीटरनंतरही बिलातला स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी रक्कम, भरावाच लागतो.

मोबाईलवर आलेल्या लिंकवरून अर्ज भरू नये आणि कोणी पाठवलेले ॲप उतरवून घेऊ नये. मुंबईत एकाहून अधिक वीज कंपन्या असल्याने तिथल्या लोकांनी पोर्टलवर आपली वीज कंपनी नीट निवडावी.

गृहनिर्माण संस्थांचा गोंधळ वेगळाच असतो. उत्साही सचिव स्वतःच्या सदनिकेच्या ग्राहक क्रमांकावर अर्ज भरून मोकळे होतात. वास्तविक जिना, पंप आणि लिफ्ट ज्या सामाईक मीटरवर चालतात, त्या संस्थेच्या नावावरील जोडणीवर अर्ज हवा आणि पैसेही संस्थेच्याच खात्यात यायला हवेत. सर्वसाधारण सभेचा ठराव न घेता काम सुरू केले, तर सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवासी गच्चीच्या गळतीचे खापर पॅनेलवर फोडतात, आणि ते नेहमीच खोटे बोलत असतात असेही नाही. त्यामुळे वॉटरप्रूफिंग आधी करून घ्यावे, मग पॅनेलचा सांगाडा उभारावा.

ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत आहे, अशा कुटुंबांना तीन किलोवॅट आणि कर्ज गळ्यात मारणारे विक्रेते मला अजिबात आवडत नाहीत. अशा ग्राहकांसाठी राज्य सरकारची स्मार्ट योजना आहे. एक किलोवॅटच्या संचासाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांत राज्य आपली भर घालते आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला अवघे २,५०० रुपये भरावे लागतात. त्यांनी विक्रेत्याला फोन करण्याआधी महावितरणच्या जवळच्या कार्यालयात जाऊन आपले नाव या योजनेत बसते का, हे विचारावे आणि जाताना ताजे बिल सोबत न्यावे.