फातोर्ड्याहून सिंगल कॉलम

मी वेंगुर्ल्याची. एका दैनिकाच्या जिल्हा पानांसाठी मासळीचे भाव, दशावतार, ग्रामपंचायती आणि हट्टाने महिला फुटबॉल लिहिते. याच वाटेने यायचं असेल तर आधी माझी फजिती ऐका.

२६ ऑक्टोबर २०२२, भाऊबीज. भावाला सकाळीच ओवाळलं आणि सावंतवाडी रोडवरून मडगावची गाडी पकडली. फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने होते. पास नव्हता, तिकीट काढून बसले. कोलंबिया-नायजेरिया ०-० असा रखडला आणि पेनल्टीवर कोलंबियाने ६-५ असा काढला. त्यांच्या लिंडा कायसेडोवर मी वहीची दीड पानं भरवली.

स्टेडियमबाहेर उभ्या उभ्या मोबाइलवर ३०० शब्द टाइप करून पाठवले. सकाळी पाहते तर सिंगल कॉलम, तीन ओळी, वर मथळा ‘कोलंबियाच्या रणरागिणी अंतिम फेरीत’. लिंडाचं नावच नाही! पेपरच्या डेस्कला, म्हणजे बातम्या कापून पान लावणाऱ्या उपसंपादकांना, फोन लावला. “अगो, आपली टीम तिन्ही मॅच हरून बाहेर पडली. आता वाचतंय कोण?”

राग आलाच. पण पाठवलेली कॉपी पुन्हा उघडली तेव्हा ‘रणरागिणी’ हा शब्द माझाच निघाला. पहिल्या परिच्छेदात आकाशकंदील आणि मुलींची जिद्द, लिंडा थेट चौथ्यात. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो. म्हणून कोण खेळलं, काय केलं, ते पहिल्या दोन ओळींत लिहा. पुरुषांच्या सामन्याला जे विशेषण लावणार नाही, ते इथेही नको.

‘वाचतंय कोण’ला माझ्याकडे आता उत्तर आहे. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली, ती जवळपास ५० वर्षं. गर्दी होती, मैदानच काढून घेतलं. पान काढून घेणं काय वेगळं?

वही मात्र जपा. जुलै २०२३ मध्ये मोठ्यांच्या विश्वचषकात लिंडाने सिडनीत जर्मनीला गोल मारला, कोलंबिया २-१ जिंकली. आमच्या पेपरात एजन्सीचा चार कॉलमी फोटो. त्याच दीड पानांतून मी ८० शब्दांची चौकट पाठवली, ‘फातोर्ड्यात पाहिलेली लिंडा’. एक अक्षर न कापता लागली. पैसे? मडगावच्या चहा-पावाइतके. मासळीचे भाव सोडू नका.

मणिपुरी, बंगाली नावं विचारून घ्या, अंदाजाने लिहू नका. ५ जुलै २०२५ च्या रात्री भारताच्या महिला संघाने थायलंडला २-१ हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली, दोन्ही गोल संगीताचे. पान छपाईला सुटायच्या आधी तिच्या आडनावासाठी डेस्कचाच फोन आला.

“अगो, ते बासफोर की बसफोर?”